पावणेदोन दगडोबा

सेनगावच्या बसस्टँडासमोर माझा 'नयन फोटो स्टुडिओ' आहे. नयन हे घरातल्या कुणाचंही नाव नाही. पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं, काय लिहू? मला सुचेना, म्हणून त्याच्या मनात आलं ते त्यानं लिहून टाकलं. माझं नाव हरिचंद. बावीस वर्षं मी लोकांना 'हनुवटी जरा वर' असं सांगत आलो आहे. हार घालताना नवरदेवाचे डोळे मिटलेले असतात, नेमकं तेव्हाच बटण दाबणं ही माझी खासियत. या तालुक्यातली निम्मी लग्नं झोपेत लागली असावीत, असं माझे अल्बम पाहून वाटतं. आमच्या लग्नाचे फोटो मात्र छान आले आहेत. ते मी काढलेले नाहीत, ही गोष्ट माझी बायको द्वारका आल्यागेल्याला आवर्जून सांगते.

अशा माणसाला एकदा कलावंत व्हायची हुक्की आली. त्यापायी बरडवाडीच्या दगडोबा नावाच्या सरळ माणसाचं काय झालं, ते सांगतो.

साल १९९७. हिंगोली जिल्हा अजून झालेला नव्हता, आम्ही परभणीत मोडत होतो. जानेवारीत एक दिवस एक प्राध्यापक घाईघाईनं दुकानात शिरले. त्यांच्या कॅमेऱ्यात रोल अडकला होता. मी काळ्या पिशवीत हात घालून तो सोडवला. रोल सुटला, पण त्यातले निम्मे फोटो आधीच उजेड लागून वाया गेले होते. ते माझ्यामुळे नव्हे, हे मी शपथेवर सांगतो, कारण असं सांगायची संधी मला फार वेळा मिळत नाही.

प्राध्यापक बरडवाडीच्या माळावरचे दगड बघून आले होते. त्या माळावर सात दगड उभे आहेत. कुणी कमरेएवढे, कुणी माणसाएवढे, आणि एक तर चांगलाच उंच. आम्ही ते जन्मापासून पाहत होतो. सर म्हणाले, हे तीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत, त्या काळचे लोक मेलेल्या माणसाला पुरून तिथं असा दगड उभा करायचे. मी गारच पडलो. त्या दगडांच्या आडोशाला मी कितीदा तरी बसलो होतो. कशासाठी, ते सांगत नाही.

सरांना दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. ते म्हणाले, "तुम्हीच फोटो काढून पाठवा. मी पेपरच्या रविवारच्या पुरवणीत लेख लिहितो. फोटोखाली तुमचं नाव येईल." मग त्यांनी बजावून सांगितलं : कोवळ्या उन्हात काढा. उंची कळावी म्हणून दगडाशेजारी एक माणूस उभा करा, मात्र त्यानं दगडाकडे बघायचं, कॅमेऱ्याकडे नाही. आणि फोटोच्या पाठीमागे सगळी माहिती लिहा.

यातलं 'तुमचं नाव येईल' एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. त्या संध्याकाळी मी गिऱ्हाइकाच्या पाकिटावर 'छायाचित्र : हरिचंद' असं सात-आठ वेळा लिहून पाहिलं. सहीसारखं तिरकं लिहिलं की जास्त शोभत होतं.

दुसऱ्या दिवशी बरडवाडीला जाऊन पारावर विचारलं, ज्याची उंची नेमकी ठाऊक आहे असा कुणी माणूस आहे का? चार जणांनी एका तोंडानं एकच नाव घेतलं : दगडोबा.

त्याचं कारण असं. आमच्याकडे विहीर फुटांत मोजत नाहीत, परसात मोजतात. परस म्हणजे एक उभा माणूस. काही गावांत तो हात वर करून धरतात, बरडवाडीत नुसता उभा. दगडोबा तरणा असताना विहिरी खोदायचा. गावच्या तेवीस विहिरींपैकी एकोणीस त्याच्या हातच्या. काम झालं की तो तळाशी पाठ टेकून उभा राहायचा, डोक्यावर खूण करायची, त्या खुणेपासून पुढं दोरीनं मोजत यायचं. होता होता परस हा शब्दच गळाला. कुणाची विहीर सहा दगडोबा, कुणाची आठ दगडोबा. दगडोबा होता सव्वापाच फूट. त्यामुळे शेजारच्या गावापेक्षा बरडवाडीच्या विहिरी आकड्यानं नेहमी खोल भरायच्या आणि गावाला त्याचा अभिमान होता.

मी गेलो तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. विहिरींचं काम सुरुंग लावणाऱ्यांकडे गेलं होतं. माळाला लागून असलेल्या चार एकर मुरमाड रानात तो ज्वारी-तूर घ्यायचा, पाच शेळ्या राखायचा. दोन लेकी आपापल्या घरी नांदत होत्या. घरात तो आणि त्याची बायको जनकाबाई. मी माझं काम सांगितलं. दगडाजवळ उभं राहायचं, बस.

"पेपरात येईल का फोटू?" त्यानं विचारलं.

"येणार तर. मोठ्या पेपरात."

"कुठंकुठं जातो त्यो पेपर?"

"साऱ्या महाराष्ट्रात."

तो जरा वेळ शेळ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्वांड बराबर दिसलं पायजे. तेवढं करत असाल तर मी महिनाभर उभा राहतो."

मला वाटलं, हाही आपल्यासारखाच, पेपरात झळकायची हौस. जनकाबाई चहा घेऊन आली, तिनं मला शुद्धीवर आणलं.

"त्यायला हौस न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "ग्यानोबासाठी म्हणून राहिले."

ग्यानोबा म्हणजे दगडोबाचा धाकटा भाऊ. चौऱ्याऐंशी साली तो बावीस वर्षांचा होता. शंकरपट भरला होता, बैलांच्या शर्यती. ग्यानोबानं थोरल्याला न विचारता घरचा बैल पटात पळवला. बैल खड्ड्यात अडखळला आणि त्याचा पाय मोडला. दगडोबानं तिथंच, सगळ्या जत्रेसमोर, भावाच्या मुस्काटात लगावली. एकच. ग्यानोबा जो गेला तो गेलाच. तेरा वर्षं झाली. कुणी म्हणे नाशकाकडं पाहिला, कुणी म्हणे पुण्यात गवंड्याच्या हाताखाली. आई वाट पाहून पाहून अठ्ठ्याऐंशी साली वारली.

"लिवता येत न्हाई मला, आन् लिवलं तरी धाडायचं कुठं?" दगडोबा म्हणाला. "त्यो साळंत हुशार व्हता. पेपर वाचत आसंल. त्यानं माझं हे त्वांड पाहावं. दात गेले, गालफाडं बसली. ह्या म्हाताऱ्यावर काय राग धरायचा, म्हणून यील."

खरं सांगतो, मला गलबलून आलं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, तोंड दिसेल, माझी जबाबदारी. माझ्या जबाबदारीचे डोळे मिटलेले नवरदेव त्या बिचाऱ्यानं पाहिलेले नव्हते.

चार दिवस आम्ही माळावर होतो. कोवळं ऊन यायच्या आधी मी सेनगावहून लुनावर पोचायचो. दगडोबा धुतलेलं धोतर आणि जावयानं दिलेला फेटा घालून दगडाजवळ हजर असायचा. गळ्यात कॅमेरा अडकवून मी डोळे बारीक करून क्षितिजाकडे बघायचो. का बघायचो, माहीत नाही. कलावंत बघतात म्हणून. एकदा असाच मागं सरकत सरकत बोरीच्या काट्यांत जाऊन बसलो. काटे जनकाबाईनं काढले, पण घरी जाऊन द्वारकेला ते समजावून सांगताना फार त्रास झाला.

खरी ओढाताण मानेची होती. सर म्हणाले होते, माणसानं दगडाकडं बघायचं. मी ओरडायचो, "दगडाकडं बघा!" दगडोबा दगडाकडं बघायचा आणि मी बटणाला बोट लावलं की मान कॅमेऱ्याकडं वळवायचा.

"काहून वळता?"

"दगडाला काय माझं त्वांड दाखवून राहिलो? त्यानं रोजच पाहेलं हाय."

शेवटी सरांना बाजूला ठेवून मी त्याच्या मनासारखे दोन फोटो काढले, सगळ्यात उंच दगडापाशी. लहानपणी गावातली पोरं त्या दगडाला म्हसोबाचा खुंटा म्हणायची. त्यातला एक फोटो खरोखर चांगला आला. दगड धारदार, मागं पिवळं गवत, आणि दगडोबाचं तोंड लख्ख. फक्त एक गोष्ट मी केली. दगडोबा दगडाला खेटून उभा राहिला की दगड लहान वाटायचा, म्हणून मी त्याला सरकवत सरकवत पार कडेला नेला. मला माझा दगड मोठा हवा होता. फोटोत तोंड होतं, पण कडेला होतं.

मागच्या बाजूला मी सुवाच्य अक्षरात माहिती लिहिली : 'दगडोबा. सव्वापाच फूट. वय अंदाजे छप्पन्न. दगडाची उंची पावणेदोन दगडोबा.' शब्द कमी आणि माहिती जास्त, असा मला स्वतःचाच अभिमान वाटला. पाकीट पोस्टात टाकलं.

मार्चमधल्या एका रविवारी लेख आला. मी स्टँडावर जाऊन पेपरच्या पाच प्रती घेतल्या आणि पेपरवाल्याला उगाचच म्हणालो, "आज जरा खपेल." दुकानात येऊन पुरवणी उघडली. 'मृतांच्या स्मरणशिळा' असा मोठा मथळा. सरांचा लांबलचक लेख. मधोमध माझा दगड, उभा, अरुंद. पेपरवाल्यांनी जागेसाठी फोटो एका बाजूनं कापला होता. कुठल्या बाजूनं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. दगडोबाचा फक्त एक कोपर उरला होता.

खाली ओळी होत्या : 'सेनगावजवळील बरडवाडीच्या माळावरील स्मरणशिळा. ग्रामस्थ हिला दगडोबा म्हणतात. उंची सव्वापाच फूट. वय अंदाजे छप्पन्न शतके.' आणि त्याखाली, बारीक अक्षरात, 'छाया : संग्रहित'.

मी पहिल्यांदा कशानं हळहळलो, हे सांगायला लाज वाटते. 'संग्रहित' या शब्दानं. दगडोबाची आठवण मला पाचेक मिनिटांनी झाली, आणि तीही तो समोरून येताना दिसला म्हणून. गुळगुळीत दाढी करून आला होता. मी पुरवणी खुर्चीखाली सरकवली, पण पाच प्रती एका खुर्चीखाली मावत नाहीत.

त्यानं पान हातात धरून बराच वेळ पाहिलं. "मी कुठं हाव?"

मी बोट ठेवलं. "हा कोपर तुमचा."

"कोपरावरून वळखंल का त्यो?"

त्यानं पानाची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. म्हणाला, "तुमी मेहनत बराबर केली व्हती, फोटूवाले." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला रात्री जेवण गेलं असतं.

खालच्या ओळी मी त्याला वाचून दाखवल्या नव्हत्या. ते काम शाळेच्या मास्तरांनी केलं. सगळी बरडवाडी हसून हसून लोळली. दगडोबा रस्त्यानं निघाला की लोक हात जोडायचे, म्हातारे कोतारे विचारायचे, "देवा, छप्पन्न शतकं झाली, गुडघे दुखून राहिले का?" इथवर ठीक होतं. पण आजूबाजूच्या गावांत पेपर गेला, आणि तिथल्या लोकांना आमचा दगडोबा ठाऊक नव्हता. त्यांना ठाऊक झाला तो छप्पन्न शतकांचा दगडोबा. आधी एका बाईनं दगडाला शेंदूर लावला, मग नारळ फुटले, मग कुणीतरी पितळी घंटा आणली आणि टांगायला कमान नाही म्हणून परत नेली. एप्रिल संपेतो दगड निम्म्याच्या वर लाल झाला.

ही खबर सरांपर्यंत पोचली. त्यांचं पत्र आलं. तीन हजार वर्षांची छप्पन्न शतकं कुणी केली, नऊ फुटांचा दगड सव्वापाचावर कुणी आणला, आणि एका पुरातन वस्तूला शेंदूर फासायला कारण कोण झालं, अशी एकामागून एक विचारणा. शेवटी लिहिलं होतं, शेंदूर काढून नवा फोटो पाठवा. 'मी' हे या सगळ्या प्रश्नांचं एकच उत्तर असल्यानं मी उलटटपाली काही कळवलं नाही. घासलेटचा डबा आणि फाटक्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन बरडवाडीला गेलो.

गावात सरपंचानं अडवलं. "देव पुसता का?"

दगडोबा मागून आला. "देव मीच हाव, पेपरात हाय," तो म्हणाला. "मला उकडून राहिलं. पुसू द्या."

सरपंचाला हसू फुटलं आणि परवानगी मिळाली.

मे महिन्याची सकाळ. मी दगडाच्या पुढच्या अंगाला, दगडोबा मागच्या अंगाला. घासलेटनं शेंदूर निघत नव्हता, पसरत होता. थोड्या वेळानं मी पाणी प्यायला बाजूच्या पळसाखाली गेलो. तेवढ्यात माळ चढून एक माणूस येताना दिसला. पस्तिशीचा, खाकी पँट, काखेत पिशवी. मला वाटलं, आणखी एक भक्त. आता याला परत कसा पाठवावा, या विचारात मी होतो. तो थेट दगडापुढं गेला, चप्पल काढली, पिशवीतून नारळ काढला आणि उभ्या उभ्या हंबरडा फोडला.

"दादा! दादा रं!"

भक्त असं रडत नाहीत. त्यानं दगडाला मिठी मारली आणि कपाळ टेकवलं. "माझं चुकलं रं, दादा. एका चापटीचा राग धरून बसलो..."

दगडामागून दगडोबा बाहेर आला. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, घाम पुसल्यानं तोंडही लाल, डोळे विस्फारलेले. त्या माणसानं मान वर करून पाहिलं आणि तो जमिनीवर मागच्या मागं बसला. नारळ गडगडत गेला. त्याला काय वाटलं असेल ते मी समजू शकतो, कारण मी तर सकाळपासून दगडोबाबरोबर होतो, तरी दचकलो.

"ग्यानू?" दगडोबा म्हणाला.

"तू... जित्ता हाईस?"

"मला काय झालं?"

ग्यानोबानं खिशातून पेपरचं कात्रण काढलं. माझा फोटो. तो नगरकडं एका साखर कारखान्यावर चौकीदार होता. फाटकावरच्या खोलीत वेळ जात नाही म्हणून येईल तो पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा.

"हितं लिवलंय, मेलेल्याचा दगूड," तो म्हणाला. "आपण ह्याला म्हसोबाचा खुंटा म्हणत व्हतो. आता लोक दगडोबा म्हणून राहिले. भाऊ गेल्याबिगर त्याचं नाव कशाला लागंल दगडाला? वयबी तुझंच, छप्पन्न; म्हटलं, शतकं ही छापणाऱ्याची चूक. आन् उंचीबी तुझीच. सव्वापाच. आपल्या साऱ्या हिरी त्याच मापानं मोजल्यात, मला ठावं न्हाई व्हय?"

मी पळसाखाली उभा होतो. माझ्या हातातला तांब्या कलंडून पँट भिजली होती, ते मला नंतर कळलं.

"माय?" ग्यानोबानं विचारलं.

दगडोबानं नुसती मान हलवली. ग्यानोबा गुडघ्यांत डोकं घालून बसला. दगडोबानं त्याला रडू दिलं. मग लांब गेलेला नारळ उचलून आणला आणि त्याच्यापुढं धरला. "आणलाच हाईस तर मायच्या नावानं फोड."

नारळ फुटला. दोघं दगडाला पाठ लावून बसले, शेंदूर कपड्यांना लागत होता त्याची शुद्ध नव्हती. मग दगडोबानं ते कात्रण हातात घेतलं, कोपरावर अंगठा ठेवला आणि विचारलं,

"फोटूत हे नुसतं कोपर हाय. माझं त्वांड आलं असतं, बराबर दिसलं असतं, तर आला असतास?"

ग्यानोबा फुटलेल्या नारळाच्या कडेवरनं बोट फिरवत राहिला. खोटं बोलायला त्याला पुष्कळ वेळ होता. मी मनातून देवाला विनवत होतो की याला खोटं बोलायची बुद्धी दे. तेरा वर्षं हा माणूस एकाच आशेवर होता.

"न्हाई," ग्यानोबा म्हणाला. "त्वांड पाहून पान उलटलं असतं, दादा. तू मेला म्हणून आलो."

दगडोबा कात्रणाकडं बघत राहिला. मग त्यानं त्याची पहिल्यासारखी घडी घातली, भावाच्या खिशात ठेवली आणि भावाच्या गालावरनं आपला लाल हात फिरवला. चौऱ्याऐंशी साली मारली होती, त्याच गालावरनं का, ते मला ठाऊक नाही.

"मंग मी मेलेलाच बरा व्हतो की," तो म्हणाला आणि उठला. "चल. जनका भाकरी टाकून राहिली."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही, कारण माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. दोघं भाऊ माळ उतरून घराकडं गेले. मी डबा उचलला आणि दगडाची उरलेली बाजू एकट्यानं पुसत बसलो.